उकळलेलं पाणी

१

तपेल्याच्या आतल्या अंगाला पांढऱ्या खाराचा थर बसला होता. नीरजाने नखाने त्याची एक खपली सोडवली आणि खिडकीच्या उजेडात आडवी धरली. दीड मिलिमीटर, कदाचित किंचित जास्त. खपलीच्या कडेला झाडाच्या खोडात असतात तशा बारीक रेघा होत्या. वर्षानुवर्षं पाणी उकळून ती जमली होती. तिने ती रुमालात गुंडाळली आणि पर्समधून स्वतःची सही असलेला कागद काढला. कठीणपणा : बेचाळीस.

एवढ्या मऊ पाण्याने असली खपली जमत नाही.

नीरजाने पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत बावीस वर्षं पाणी तपासलं होतं. आता ती भोरला वडिलांच्या घरी राहत होती आणि मागच्या खोलीत लोकांचे नमुने तपासून देत होती. आज ती आली होती ते घर तिच्या बहिणीची मुलगी शुभ्रा आणि तिचा नवरा विराज घेत होते. आंबवड्याच्या अलीकडे करंजवाडीत, ओढ्याच्या वर, चाळीस वर्षांपूर्वीचं कौलारू घर. दोघांचं काम संगणकावरचं, त्यामुळे पुणं सोडायला हरकत नव्हती. शुभ्राला सातवा महिना होता. सोमवारी भोरला खरेदीखत व्हायचं होतं आणि आज शुक्रवार. ज्या कागदाच्या भरवशावर ते व्हायचं, त्यावर नीरजानेच लिहिलं होतं : पिण्यास योग्य. तिने घर मात्र आज पहिल्यांदाच पाहिलं.

"मावशी, त्या तपेल्यात एवढं काय बघतेस?" शुभ्रा म्हणाली. "ती भांडी मी मोडीत देणार आहे."

"ह्या घरात पाणी कुठून येतं?"

"परड्यातल्या विहिरीतून. दुसरं आहे काय? नळ खालच्या वस्तीपर्यंतच आलाय."

"विराज, नमुना तू स्वतः भरलास?"

"हो." विराजने फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तुम्ही सांगितलं होतं तसाच."

नीरजाने कागदाची घडी घातली. ह्या काळ्या खडकातल्या विहिरींचं पाणी जड असतं, साबणाला फेस येऊ देत नाही. बेचाळीस हा धरणाच्या पाण्याचा आकडा. त्यात क्लोरीनचा अंशही सापडला होता. तेव्हा तिला त्यात नवल वाटलं नव्हतं. नमुना द्यायचा म्हटलं की लोक आदल्या दिवशी विहिरीत जंतुनाशक पावडर टाकतातच.

"मी तपासलं ते पाणी चांगलं होतं," ती सावकाश म्हणाली. "पण ते ह्या घरचं नव्हतं."

शुभ्रा चुलीच्या कट्ट्यावर टेकली. "मावशी, सोमवारी सही आहे. आणि दोन महिन्यांनी मी इथे बाळाला घेऊन येणार आहे."

२

नीरजाने विहिरीत स्वतः बादली सोडली आणि दोन नव्या बाटल्या भरल्या. मग ती विहिरीभोवती फिरली. वरच्या अंगाला, चढावर, फरशी लावलेला संडास होता आणि त्यापुढे शोषखड्ड्याचं सिमेंटचं झाकण. घरापेक्षा ते बांधकाम बरंच नवं होतं. झाकणापासून विहिरीच्या काठापर्यंत तिने पावलं मोजली. अकरा.

दलाल अजित किल्ल्या घेऊन दारात उभा होता. तो किकवीचा, त्या दिवशीच्या बाटल्या मोटरसायकलवरून भोरला त्यानेच आणल्या होत्या.

"मॅडम, माझ्याकडं अशा नजरेनं बघू नका," तो म्हणाला. "मी घरं विकतो. पाणी विकायला लागलो असतो तर आज चारचाकीत दिसलो असतो."

"वाटेत कुठे थांबला होतात?"

"वडापाव खायला. पण झाकणावरची चिकटपट्टी तुम्हीच फाडली का न्हाई? आठवा बरं."

नीरजाला आठवलं. पट्टी शाबूत होती. म्हणजे अदलाबदल झाली असली तर ती पट्टी लावण्याआधी, इथेच.

परतताना ती घराच्या मालकांकडे गेली. केशव सर दोन वर्षांपूर्वी ते घर सोडून भोरला राहायला आले होते. तीस वर्षं त्यांनी मराठी शिकवलं होतं आणि अर्ध्या गावाचं शुद्धलेखन सुधारलं होतं. त्यांच्या पत्नी शैलजाताई चहा घेऊन आल्या.

"सर, पाणी पुन्हा एकदा तपासते आहे. अहवालाच्या आकड्यांत गोंधळ वाटतोय."

"गोंधळ?" सरांनी चष्मा काढला. "नायट्रेटमध्ये का?"

"अजून बघायचंय."

"बघा, बघा. आमच्या वडिलांनी खणलेली विहीर आहे. नव्वद वर्षांचे होईस्तोवर ते तेच पाणी प्यायले."

शैलजाताईंनी बशीत सांडलेला चहा फडक्याने टिपला आणि कोरडी झालेली बशी पुन्हा पुसली.

पायऱ्या उतरताना नीरजा मध्येच थांबली. लोक तिला विचारत : जंतू आहेत का? क्षार आहेत का? मुतखडा होईल का? नायट्रेटचं नाव आजवर कुणी आपणहून काढलं नव्हतं.

घरी जाऊन तिने नवा नमुना लावला. कठीणपणा चारशे दहा निघाला. खपलीचं कोडं सुटलं. मग तिने नायट्रेटची चाचणी केली. रंग इतका गडद उतरला की तक्त्यावर त्याला जागाच नव्हती. तिने नमुना दहापट पातळ केला आणि पुन्हा मोजला. मग, चूक झाली असावी अशा आशेने, तिसऱ्यांदा.

मर्यादा पंचेचाळीसची. आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी.

३

शनिवारी सकाळी विराज एकटाच आला आणि दारातच म्हणाला, "मावशी, मी खोटं बोललो. त्या दिवशी वीज नव्हती, पंप बंद. माझी मीटिंग होती आणि घरात रेंज येत नाही. मी जाईबाईंना म्हटलं, एवढ्या बाटल्या भरून ठेवा, आणि वर रस्त्यावर गेलो. परत आलो तर भरलेल्या होत्या. मी नुसती पट्टी लावली."

"आणि मला 'हो' म्हणालास."

"तुमच्यासमोर 'मीटिंग होती' म्हणायची लाज वाटली."

जाईबाई आणि त्यांचे यजमान कोंडिबा त्या घराची राखण करत. त्यांचं घर खालच्या वस्तीत होतं. दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, अंगणात नळ. कोंडिबा उन्हात बसून टोपलीसाठी कामट्या तासत होते. जाईबाईंनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. नीरजा प्यायली. मऊ, किंचित औषधी वास. ह्याच पाण्यावर तिने सही केली होती.

"बाटल्या ह्या नळाच्या भरल्यात ना, जाईबाई?"

"व्हय. म्याच भरल्या." म्हातारी जराही चाचरली नाही.

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? सायेब म्हनले, भोरच्या बाई पानी तपासत्यात. तपासायचं म्हंजी तुमी पिऊनच बगनार न्हवं? म्या म्हनलं, कुनाची तरी लेक हाय, तिच्या जिवावर कशाला उठायचं?"

विराजने तोंड फिरवलं. नीरजाला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

"मी पीत नाही हो. औषध घालून रंग बघते."

"मंग तसं आदी सांगायचं! म्या उगं दोन हंडं वाहून नेलं चढाला."

"तिला काय इचारता," कोंडिबा कामटीवरची नजर न काढता म्हणाले. "मला बी त्या हिरीचं पानी तोंडाला लावू देत न्हाई. दोन वर्सं झाली."

"दोन वर्षांपूर्वी काय झालं?"

कोंडिबांचा कोयता थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सांग की," जाईबाई म्हणाल्या. "का आता बी मास्तरला भ्यायचं?"

"त्यो खड्डा म्या खांदला," कोंडिबा म्हणाले. "सरांच्या सुनंसाठी नवा संडास बांदायचा व्हता. म्या म्हनलं, सर, हिरीच्या वरल्या अंगाला नगं, खाली घेऊ. सर म्हनले, खालनं पाव्हन्यांची वाट हाय, दारातच संडास दिसंल, शोभत न्हाई. शिकल्याली मानसं. आमचं कोन ऐकतंय?"

"खड्डा झाला, आन् पुढल्या साली सुनंचं बाळ आलं," जाईबाई म्हणाल्या. "सोन्यावानी पोर. तीन आठवड्यात निळं पडलं, बाई. जांभळाचा डाग पडावा तसं, व्हटाला, नखाला. समद्यांनी तिलाच बोल लावला. पर म्या रोज त्या घरात व्हते. त्या पोराच्या पोटात त्या हिरीच्या पान्याबिगर काय गेलं व्हतं?"

"ती सून कुठे असते आता?"

"कुठं आसनार? टाकल्याली बाई जाती तितंच. म्हायेरी, येल्ह्याला. दीपमाला नाव तिचं, कचेरीसमोर अर्ज लिवून देती."

४

नसरापूरला एसटी बदलून नीरजा वेल्ह्याला पोचली तेव्हा दुपार झाली होती. शनिवार असल्याने तहसील कचेरी बंद होती आणि समोरचं अर्ज लिहून देणारं दुकान रिकामं. आत एक तिशीची बाई झेरॉक्सच्या यंत्रावरची धूळ पुसत होती. दीपमाला तीच.

"त्यांनी पाठवलं का तुम्हाला?" नीरजाने करंजवाडीचं नाव काढल्यावर तिने विचारलं.

"नाही. मी पाणी तपासते. ते घर माझी भाची घेतेय. तिला सातवा महिना आहे."

दीपमालाने फडकं खाली ठेवलं आणि दुसरी खुर्ची ओढली.

"विचारा," ती म्हणाली.

बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं होतं. दूध पुरेना म्हणून पंधराव्या दिवसापासून डब्याची पावडर सुरू केली. इथलं पाणी डोंगरातल्या झऱ्याचं, पाइपाने आणलेलं. तीन महिने बाळ ठणठणीत होतं. मग सासरच्यांनी थाटात नेलं.

"तीच पावडर, तीच बाटली," दीपमाला म्हणाली. "मी काहीच बदललं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात ओठ निळे दिसायला लागले. मध्ये भावाचा साखरपुडा होता म्हणून दोन दिवस इथे आणलं, तर पुन्हा गुलाबी. आई म्हणाली, दृष्ट लागली होती, उतरली. पण सर म्हणाले, नातू आजोळी बरा असतो आणि आमच्याकडे आजारी पडतो, म्हणजे आईच कामचुकारपणा करतेय. घेऊन गेले परत. पाचव्या दिवशी संपलं."

"दवाखान्यात रक्त काढलं होतं?"

"हो. लाल नव्हतं. चिंचेच्या कोळासारखं होतं. हृदयाचं काही असेल म्हणाले. पुढे तपासायला कोण थांबतंय?"

नीरजाने वहीत लिहिलं आणि लिहून झाल्यावरही पेन उचललं नाही. "पाणी उकळत होतात?"

"उकळत होते!" दीपमालाचा आवाज चढला. "सगळ्यांनी हेच विचारलं मला. आरोग्यसेविकेनं सांगितलं होतं दहा मिनिटं. बाळ किरकिर करायला लागलं तशी मी वीस केली, मग अर्धा तास. भांड्यात तळाला थोडं उरेपर्यंत उकळायची. तरी म्हणाले, आळशी आहे, कच्चं पाणी पाजलं असेल." मग हळू आवाजात, "खरं सांगा, उकळायला कमी पडलं का माझं?"

"नाही. पाण्यात जंतू असतील तर ते तुम्ही मारलेत. पण बाळाला ज्यानं त्रास झाला ते उकळून जात नाही. ते विहिरीतच होतं. मुरलेल्या मैल्यातून तयार होतं. बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाच्या रक्ताला ते प्राणवायू वाहू देत नाही, म्हणून बाळ निळं पडतं. तुमच्या हातून काही राहिलं नाही."

ह्याच्या पुढचं वाक्य तिने गिळलं. अर्धा तास उकळलं की पाणी आटतं आणि ते द्रव्य आटत नाही. जितकी काळजी जास्त, तितकं ते दाट. हे वाक्य खरं होतं, आणि ते ह्या बाईला ऐकवण्याचा अधिकार आपल्याला आहे असं नीरजाला वाटलं नाही.

दीपमालाने फडकं उचललं आणि त्याची घडी घातली.

"सासूबाई दर महिन्याला फोन करतात," ती म्हणाली. "'एकदा येऊन जाईन गं, बोलायचंय.' दोन वर्षं झाली. भोर-वेल्हे काय सातासमुद्रापार आहे? माझा नवरा अर्णव पुण्यात असतो. तो तर फोनही करत नाही."

"काय बोलायचं असेल त्यांना?"

"मला काय ठाऊक? 'जेवलीस का' विचारतात आणि ठेवून देतात."

५

रविवारी सकाळी केशव सरांच्या बैठकीत पाच माणसं होती. सर आरामखुर्चीत, शैलजाताई आतल्या दाराशी उभ्या, आणि कोचावर शुभ्रा, विराज, नीरजा. चहा कुणी घेतला नाही.

"विहिरीत नायट्रेट एकशे अठ्ठ्याऐंशी आहे," नीरजा म्हणाली. "माझ्या अहवालात तीन होतं, कारण तो नमुना जाईबाईंच्या नळाचा होता. मला अपाय होऊ नये म्हणून त्यांनी ते पाणी भरलं. त्यांनी कुणाला फसवलं नाही. विहीर न बघता सही केली, ही चूक माझी."

"मग झालं तर," सर म्हणाले. "अडाणी बाईचा घोळ. नळाची जोडणी घ्या, खड्डा हलवा. माझी ना नाही."

"तेच म्हणते मी. मोठ्या माणसांना ह्या पाण्याने सहसा काही होत नाही. खड्डा हलवून नळ घेतला की घर राहण्यासारखं आहे. म्हणजे घर विकलं जावं म्हणून हे लपवायची गरजच नव्हती. तरी तुम्ही लपवलंत."

"मी? मला तुमच्या विज्ञानातलं काय कळतं?"

"माझ्या कागदावर चौदा आकडे होते, सर. गोंधळ वाटतोय म्हटल्यावर माणूस विचारतो, कुठल्या आकड्यात? तुम्ही चौदातला एकच उचललात. तोही सगळ्यांत निर्धोक दिसणारा. तिनावर शंका कुणाला येईल? खरा आकडा ज्याने आधी पाहिलाय त्यालाच."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"काल मी वेल्ह्याला जाऊन आले," नीरजा पुढे म्हणाली. "तीच आई, तीच पावडर, तेच उकळणं. वेल्ह्याला बाळ बरं, करंजवाडीत निळं. परत वेल्ह्याला दोन दिवस, तर गुलाबी. परत करंजवाडी, आणि पाचव्या दिवशी गेलं. ह्या सगळ्यात एकच गोष्ट बदलत होती. तुम्ही हुशार आहात. बाळ गेल्यावर तुम्हालाही ते सुचलं असणार. तुम्ही पाणी तपासून घेतलंत. आकडा आला, आणि खड्ड्याची जागा कुणी ठरवली होती ते तुम्हाला आठवलं."

"डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं होतं!" सरांचा आवाज वर्गातला झाला. "तुम्ही पुराव्याशिवाय बोलताय. शोषखड्डे गावात घरोघर आहेत. मी काय मुद्दाम केलं? मला ठाऊक होतं का?"

"खणताना ठाऊक नव्हतं. कागद हाती आल्यावर होतं. आणि त्यानंतर दोन वर्षं तुम्ही तिला दोषी राहू दिलंत."

विराज काहीतरी म्हणणार होता. शुभ्राने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"सर, पहिल्यांदा घर बघायला आलो तेव्हा मी विचारलं होतं," ती म्हणाली. "पाणी लहान बाळासाठी चांगलं आहे ना? तुम्ही माझ्या पोटाकडे बघितलंत आणि 'हो' म्हणालात. मावशीचा कागद तर नंतर आला."

रस्त्यावरून भाजीवाल्याचा टेम्पो ओरडत गेला. मग सर म्हणाले, "तुम्ही नळ घ्यालच असं वाटलं होतं मला. शहरातली माणसं विहिरीचं पाणी थोडंच पितात?"

"कागद तुमच्या पेन्शनच्या फाईलमध्ये आहे."

बोलल्या होत्या शैलजाताई. आवाज इतका हलका होता की विराजने आधी चुकीच्या दिशेला पाहिलं.

"शैलजा, तू आत जा."

त्या दारातून पुढे आल्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला घट्ट गुंडाळलं होतं.

"बाळ गेल्यावर महिन्याने आला तो कागद. मी वाचला. मला आकडा कळला नाही, पण खाली मराठीत लिहिलं होतं, तान्ह्या बाळांना देऊ नये. मी ह्यांना म्हटलं, दीपमालाला कळवू या. हे म्हणाले, कळवून नातू परत येणार आहे का? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. अर्णव बापाला माफ करणार नाही. मलाही ते पटलं. पटवून घेतलं मी." त्यांनी बोटावरचा पदर सोडवला. "पहिल्या रात्री बाळ रडलं तेव्हा पाणी मीच काढून दिलं होतं तिला. विहिरीतून. म्हटलं, ताजं आहे."

"अगं, आता ह्या लोकांसमोर..."

"दर महिन्याला फोन लावते. तिने 'बोला आई' म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हटलं, पुढच्या महिन्यात. दिवाळी होऊ दे, मग. अर्णवचं मन थाऱ्यावर येऊ दे, मग. घर एकदा विकलं जाऊ दे, मग." त्यांनी शुभ्राकडे पाहिलं. "काल रात्री मनात आलं, घर विकलं गेलं की कुणाला काही सांगावंच लागणार नाही. त्याचीच भीती वाटली मला."

सर खुर्चीतून अर्धवट उठले. "हे बघ, उद्या सही होऊ दे. नळाचं, खड्ड्याचं सगळं मी करून देतो. मग शांतपणे बसून ठरवू."

"ठरलंय," शैलजाताई म्हणाल्या. आता आवाज साऱ्या खोलीला ऐकू जाईल इतका होता. "घरावर माझंही नाव आहे. उद्या मी सहीला येणार नाही. मी आत्ता वेल्ह्याला जाते. तिच्या आईवडिलांसमोर उभी राहून सांगणार आहे, बाळ तुझ्या हातून गेलं नाही दीपमाला, आमच्या हातून गेलं, आणि हे आम्हाला दोन वर्षं माहीत होतं."